झाकली मूठ आणि जात्याची तळी

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेलही. परंतु एखाद्या बालकाच्या देहाला कुणी वासनेने हात लावल्यावर हीच म्हण धर्माचा झगा चढवून पुढे येते, तेव्हा तो झगा उतरवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 'झाले गेले विसरा', 'माणूस आपल्यातलाच आहे', 'प्रभूने सत्तर वेळा सातदा क्षमा करायला सांगितली आहे', असा उपदेश त्या बालकाच्या आईबापांना केला जातो. उपदेश करणारे कधी घरातले वडीलधारे असतात, कधी शाळेचे चालक, तर कधी धर्मगुरूही.

अशा उपदेशकांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय सबंध वाचावा. क्षमेचे ते वचन बाविसाव्या ओवीत येते. त्याआधी सहाव्या ओवीत प्रभू लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधतो. पंधराव्यापासून अपराध्याला जाब विचारण्याची, साक्षीदार नेण्याची आणि न ऐकल्यास मंडळीला कळवण्याची रीत सांगतो. शिवाय पेत्राचा प्रश्न त्याच्या स्वतःविरुद्ध झालेल्या अपराधाविषयी होता. क्षमा करणे हा दुखावलेल्याचा अधिकार आहे. बालकाच्या वतीने परस्पर क्षमा वाटण्याचा मक्ता इतरांना कुणी दिला?

आपली ख्रिस्तसभा तरी असे कधी शिकवते? प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांच्याबरोबर हानीची भरपाईही आली. क्षमा न्यायाची मागणी रद्द करत नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० सालच्या दयेवरील परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहेच. पण घाबरलेल्या मुलाने पडवीत सांगितलेली हकिकत म्हणजे पापनिवेदन नव्हे. ते मूल पापी नाही.

'चर्चची बदनामी होईल,' हा शेवटचा आक्षेप. पेनसिल्व्हेनियातील सहा धर्मप्रांतांविषयीचा ज्यूरींचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि हजाराहून अधिक बळी! तेथे नाव गेले ते केवळ गुन्ह्यांमुळे नव्हे, तर बदल्या करून ते दडपल्यामुळे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले; तक्रारदारावर मौन लादण्यास मनाई केली. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार गुन्हा ठाऊक असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आरोप खोटा असला तर? ते ठरवणे तपासाचे काम आहे, धर्मग्राम परिषदेचे नव्हे. तोवर त्या व्यक्तीला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून आणि वेदीसेवक मुलांपासून दूर ठेवावे. मुलावर विश्वास ठेवावा, 'तुझी चूक नाही' असे त्याला सांगावे, त्याचे नाव षट्कर्णी होऊ देऊ नये. आणि चर्चच्या दारातील फलकावर, सणाच्या देणगीदारांच्या यादीशेजारी, बालकांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक येत्या रविवारीच मोठ्या अक्षरांत लावावा. त्याला कोणत्याही ठरावाची गरज नाही.