अर्धच्छेद आणि औषधाची गोळी

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की भवानी पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “डॉक्टरच व्हायचंय ना, मग गणित कशाला?” मुलगी गणित सोडते. वैद्यकीयची जागा प्रत्येकीला मिळतेच असे नाही. मग ती जैवतंत्रज्ञान किंवा जैववैद्यकीय शाखेकडे वळते आणि घातांक, लॉगॅरिथम, कलनशास्त्र, संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी समोर उभे राहतात. पाषाणच्या ‘आयसर’च्या प्रवेशपरीक्षेत तर जीवशास्त्राइतकेच गणितही असते.

या गणिताची गरज कोठे पडते, हे घरातल्या औषधाच्या डबीवरूनच पाहू. थायरॉइडसाठी घेतली जाणारी थायरॉक्सिनची गोळी शरीरातून निम्मी होण्यास साधारण 7 दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलली की रक्तातील पातळी एकदम बदलत नाही. जुन्या व नव्या पातळीतील तफावत दर आठवड्याला निम्मी होत जाते. सहा आठवड्यांनी ती चौसष्टाव्या हिश्शावर येते. डॉक्टर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावयास सांगतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

चौसष्टला सहा वेळा निम्मे केले की एक उरतो. या ‘सहा’ला आपल्या आचार्यांनी नाव दिले होते : अर्धच्छेद. नवव्या शतकाच्या आरंभी आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील धवला टीकेत ही संज्ञा वापरली. तीन-तीनने भागण्यासाठी त्रिकच्छेद, चाराने भागण्यासाठी चतुर्थच्छेद. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. आजच्या पुस्तकांतील लॉगॅरिथमचा तो पहिलाच नियम. विशेष म्हणजे हे सारे कशासाठी? तर जीवांच्या संख्येचा विचार करण्यासाठी! जीवशास्त्र आणि गणित यांच्यात भिंत आहे, हे आपल्या परंपरेला ठाऊकच नव्हते. हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागला. आपल्यापैकी कितीजणांनी तो उघडून पाहिला असेल, हे न विचारलेलेच बरे.

व्यापाऱ्याच्या मुलीला तर याची भीती वाटूच नये. शेकडा 12 च्या चक्रवाढीने रक्कम सुमारे सहा वर्षांत दामदुप्पट होते, हे आजोबा तोंडी सांगतात. जिवाणूंची वाढ हेच चक्रवाढ व्याज. फरक इतकाच की दुप्पट होण्यास काही जिवाणूंना अनुकूल स्थितीत वीस मिनिटे पुरतात. औषध शरीरातून उतरते, तो तोच हिशेब उलटा मांडलेला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जीवशास्त्र घेणाऱ्याने अकरावीत गणितही ठेवावे, दोन टक्के कमी पडले तरी चालतील. ज्यांनी ते आधीच सोडले, त्यांनी निकालानंतरच्या सुटीत घातांक, लॉगॅरिथम आणि आलेख एवढे तरी पक्के करावेत. बालभारतीचे अकरावीचे पुस्तक त्यास पुरेल. रोज तासभर, आणि पहिला आठवडा आजोबांजवळ बसून, व्याजाच्या वहीसह.