इमारतीची राखीव ताकद कुठे जाते?

विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री कोसळला. १७ जणांचा जीव गेला. त्या रात्री इमारतीत एका बाळाचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. पण पाहुण्यांच्या गर्दीने इमारत पडावी, हे अभियांत्रिकीच्या हिशेबात बसत नाही. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून आखतात. दहा चौरस मीटरच्या खोलीत वीस माणसे दाटीवाटीने उभी राहिली, तरी भार १३० किलोच्या आसपासच जातो.

शिवाय वर राखीव ताकद असते. ‘आयएस ४५६’ हे भारतीय मानक सांगते, की भार दीडपट धरा आणि काँक्रीटची ताकद दीडने भागून कमी धरा. म्हणजे काँक्रीटपुरती सव्वादोन पट सोय. यालाच सुरक्षा गुणांक म्हणतात. प्रत्येक घमेल्यातला माल सारखा नसतो, खांब ओळंब्यात थोडा चुकतो, अशा प्रामाणिक चुकांसाठी ही सोय आहे. चोरीसाठी नाही.

समजा, पाणी ओतून पातळ केलेल्या आणि नीट न भिजवलेल्या काँक्रीटची ताकद निम्मीच भरली. सव्वादोनचे उरले १.१२. चार मजल्यांच्या आखणीवर पाचवा चढवला, की उरते ०.९. एकाच्या खाली गेले, की इमारत केवळ नशिबावर उभी. (रमाबाई अपार्टमेंटमध्ये नेमके हेच झाले, असा दावा नाही, हे गणित फक्त समजण्यासाठी.)

वसईच्या किनारपट्टीला आणखी एक शत्रू आहे, मीठ. हवेतले असो वा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीतले, ते काँक्रीटमधील सळईचे संरक्षण मोडते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी सहापटीपर्यंत जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून समुद्री हवेत मानक सळईवर ४५ मिलिमीटर आवरण मागते.

विमानाच्या सांगाड्याचा गुणांकही साधारण दीडच असतो. फरक तपासणीचा. विमान ठरावीक काळाने उघडून पाहतात. आपल्याकडे महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी सक्तीची होते ती ३० वर्षांनंतर. त्यामागे सुरुवातीला पूर्ण ताकद होती, हे गृहीत आहे. रमाबाई अपार्टमेंट २०१२ च्या सुमारास बांधलेली आणि महापालिकेच्या म्हणण्यानुसार अनधिकृत. तिला हा नियम लागूच होत नव्हता. माझ्या मते, मंजुरी नसलेल्या इमारतींसाठी वयाची अट काढायला हवी.

अशा इमारतीचा मंजूर आराखडाच नसतो. त्यामुळे तपासणाऱ्याला सळया यंत्राने शोधाव्या लागतात आणि खांबातून काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत दाबून पाहावा लागतो. रहिवाशांना त्याआधी दिसू शकते ते एवढेच: खांबावर उभी भेग, तिच्यातून उतरणारा तांबूस डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज. त्यावर गिलावा मारला, तर फक्त खूण झाकली जाते.