विश्लेषण : जर्मन लाँगस्वर्डचा 'वाकडा वार' नेमका कसा करायचा? ग्रंथ हाताशी असूनही वाद का मिटत नाही?

मध्ययुगीन जर्मनीतली दोन हातांनी चालवायची लांब तलवार, म्हणजेच लाँगस्वर्ड, शिकवणारे क्लब आज युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांत आहेत. त्यांच्याकडे जुन्या हस्तलिखितांच्या प्रती आहेत, चित्रं आहेत, तलवारींच्या प्रतिकृतीही आहेत. तरीही दोन प्रशिक्षकांनी एकाच परिच्छेदावरून एकच डाव करून दाखवला, तर बघणाऱ्याला ते दोन वेगळे डाव वाटू शकतात. ग्रंथात हेच लिहिलंय, असं दोघंही ठामपणे सांगतात. हा मतभेद नेमका कशावरून आहे आणि तो मिटत का नाही?

ही विद्या कुणाची?

या परंपरेचा मूळ पुरुष मानला जातो योहानेस लिश्टेनआउअर. चौदाव्या शतकातल्या या वस्तादाबद्दल फारच थोडी माहिती मिळते. त्याच्या नावावर आहेत त्या यमक जुळवलेल्या छोट्या-छोट्या ओळी. त्या मुद्दाम गूढ ठेवल्या होत्या, म्हणजे विद्या ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडू नये आणि शिकलेल्याला मात्र चटकन आठवावी. पुढे पंधराव्या शतकात इतर वस्तादांनी या ओळींचा अर्थ गद्यात उलगडला. सिग्मुंड रिंगएक या वस्तादाच्या नावावर असलेलं विवरण आणि रोममध्ये जपलेलं १४५२ सालचं हस्तलिखित ही त्यातली महत्त्वाची साधनं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर लिश्टेनआउअरच्या ओळी ही सूत्रं आणि नंतरची विवरणं ही भाष्यं.

सतराव्या शतकात लाँगस्वर्ड हळूहळू मागे पडली आणि वस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी साखळी तुटली. आज या तलवारबाजीला 'हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स', थोडक्यात 'हेमा' या चळवळीत जागा आहे. पण इथे शिकवलं जाणारं जवळपास सगळं ग्रंथ वाचून नव्याने उभं केलेलं आहे.

'वाकड्या वारा'चा घोळ काय आहे?

लिश्टेनआउअरच्या परंपरेत पाच प्रमुख वार सांगितले आहेत. नावांचा ढोबळ अर्थ घेतला तर ते संतापाचा, वाकडा, आडवा, तिरळा आणि टाळूवरचा असे होतात. त्यातला वाकडा वार, म्हणजे 'क्रुम्पहाउ', सर्वाधिक वादाचा.

भाष्यांतलं वर्णन साधारण असं आहे : समोरच्याने वरून वार केला, की उजव्या पायाने बाजूला झेप घ्यायची, हात एकमेकांवर तिढा घालून येऊ द्यायचे आणि तलवारीचं टोक त्याच्या हातांवर टाकायचं. वाचायला सोपं वाटतं. पण तलवार हातात घेतल्यावर प्रश्न सुरू होतात. ही तलवार दुधारी, मग वार पुढच्या धारेने करायचा की मागच्या? हातांचा तिढा किती घट्ट? झेप पूर्ण बाजूला की थोडी पुढेही? यातली एक गोष्ट बदलली, की आख्खा डाव बदलतो.

धारेच्या प्रश्नाला एक थेट उत्तर मिळतं. योआखिम मायर याने १५७० साली स्ट्रासबुर्गमध्ये छापलेल्या ग्रंथात हा वार पुढच्या धारेने, हात तिढ्यात ठेवून करायला सांगितलं आहे. पण मायर लिश्टेनआउअरच्या जवळपास दोनशे वर्षांनंतरचा. त्याच्या काळात जर्मन आखाड्यांतून लाँगस्वर्डची भोसक जवळपास हद्दपार झाली होती आणि तसं त्याने स्वतःच नोंदवलं आहे. मग आधीच्या, जिवावरच्या लढतीसाठी सांगितलेल्या डावाचा अर्थ लावताना त्याची साक्ष काढायची का? एका गटाच्या मते परंपरा एकच, त्यामुळे काढायची. दुसऱ्या गटाच्या मते तोवर विद्येचा हेतूच बदलला होता.

मग लढून बघितलं की प्रश्न सुटत नाही का?

अनेकांचा युक्तिवाद हाच आहे. दोन अर्थ असतील तर सराव-लढतीत दोन्ही वापरा, जो चालेल तो खरा. यात तथ्यही आहे. जो अर्थ फक्त संथ प्रात्यक्षिकात जमतो आणि विरोध करणाऱ्या माणसासमोर कोसळतो, तो संशयास्पदच.

अडचण अशी, की ही कसोटीही तटस्थ नाही. सरावासाठी आज बहुतेक ठिकाणी 'फेडर' नावाची भोथरी, लवचिक तलवार वापरतात. धारदार पाती एकमेकांवर आदळली की धारा एकमेकींत रुतू शकतात. भोथरी पाती मात्र घसरतात. ग्रंथांचा बराच भर तर पाती भिडलेल्या क्षणी समोरच्याचा जोर हाताला जाणवण्यावर आहे. आडव्या वारात अंगठा पात्याखाली ठेवायला सांगितलं आहे, पण जाड संरक्षक हातमोज्यांत तेच अवघड होतं.

खेळाच्या नियमांचाही परिणाम होतो. काही स्पर्धांत हातावरच्या वाराला कमी गुण मिळतात. तिथे हातांवरच जाणारा वाकडा वार तोट्याचा ठरतो, मग डावाचा अर्थ बरोबर असो वा चूक. शिवाय मुखवटा आणि जाड जाकीट घातलेला माणूस समोरून येणाऱ्या पात्याला तितका घाबरत नाही. त्यामुळे दोघांनाही एकाच वेळी वार लागण्याचे प्रकार घडतात. पाती धारदार असती, तर अशी लढत कुणीच जिंकली नसती.

थोडक्यात, लढतीत एखादा डाव चालला, तर तो चालू शकतो एवढंच सिद्ध होतं. पंधराव्या शतकातला वस्ताद तोच डाव सांगत होता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

चित्रं आणि भाषा मदत करत नाहीत?

करतात, पण मर्यादेत. हान्स टालहोफर याची पंधराव्या शतकातली सचित्र पुस्तकं प्रसिद्ध आहेत. पण चित्र एक क्षण गोठवतं. त्याआधीचं पाऊल कुठे होतं आणि पुढे तलवार कुठे गेली, हे ते सांगत नाही. भाषेची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. 'इंडेस' हा या विद्येतला कळीचा शब्द. त्याचा अर्थ 'त्याच क्षणी' घ्यायचा की 'दरम्यान', यावर प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीला उत्तर कधी द्यायचं हे ठरतं.

काळाचाही पेच आहे. न्यूरेम्बर्गमधलं एक हस्तलिखित बराच काळ १३८९ सालचं आणि म्हणून मुळाच्या सर्वांत जवळचं मानलं गेलं. ते साल हस्तलिखितातल्या कालगणनेवरून काढलं होतं. आता त्यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. ग्रंथाचं वय बदललं, की त्याच्या साक्षीचं वजनही बदलतं.

या वादातून काय साधतं?

चळवळीच्या सुरुवातीला अनेकांना जुने ग्रंथ बघायलाही मिळत नव्हते. आज 'विक्टेनाउअर'सारख्या मोफत ऑनलाइन संग्रहात मूळ मजकूर आणि भाषांतरं शेजारी-शेजारी वाचता येतात. प्रशिक्षकाचं म्हणणं नवखा विद्यार्थीही तपासू शकतो, आणि वाद वाढण्याचं हे एक कारणच आहे.

पण याच तपासणीमुळे या विद्येला इतिहास म्हणवून घेण्याचा हक्क मिळतो. प्रशिक्षकाने कोणता ग्रंथ, कोणत्या काळातला, ग्रंथात किती लिहिलंय आणि आपण किती भरलंय, हे उघड सांगितलं, तर उद्या त्याचा अर्थ चुकीचा ठरवता येतो आणि सुधारताही येतो. 'पूर्वी असंच लढायचे' एवढंच सांगितलं, तर विद्यार्थ्याच्या हाती राहतो तो एक चांगला, घाम काढणारा आधुनिक खेळ. त्यातही काही वावगं नाही. फक्त त्यावर लिश्टेनआउअरचं नाव लावायचं, तर मधल्या सहाशे वर्षांचा हिशेब द्यावा लागतो.