किलोचा भाव

सानगडीचा आमचा मित्र गेला आणि तेराव्याच्या आतच त्याच्या जावाचा किलोनं भाव विचारणारे हजर! म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. हा गृहस्थ मात्र तिच्यावरूनच साकोलीचा बाजार करीत राहिला. किक आणि गिअर एकाच दांड्यात. "दोन कामं, एक पगार, लेका, तुझ्यासारखीच!" असं मला म्हणायचा.

कुणी सुचवलं, 'व्हिंटेज'मध्ये नोंदवा. २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या गाडीला तो मान देतो. नोंदणीचे २०,००० रुपये घेतो आणि रोज चालवायला बंदी करतो. म्हणजे शाल द्यायची आणि खाटेवर बसवायचं! अहो, तिचा आवाज ऐकून त्याच्या घरी चहाचं आधण चढायचं. त्या आवाजाचा किलोला भाव काय, तेवढं सांगा. मग तराजू काढा.