हजेरीपटावरची पेरणी

आज १ मे. वऱ्हाडात या तारखेला तीन निमित्ते एकत्र येतात. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झाले. शिकागोच्या १८८६ च्या लढ्याची आठवण जगभरचे कामगार याच दिवशी जागवतात. आणि १९८३ साली नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावतीचे विद्यापीठ उभे राहिले, तेही १ मे रोजीच. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. राज्य, श्रम आणि शिक्षण यांची अशी गाठ दुसऱ्या कोणत्या दिवशी पडत नाही, म्हणून या तिन्हींनाही स्पर्श करणाऱ्या एका अभ्यासाविषयी आज लिहायचे आहे. तो अभ्यास म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन. आपल्याकडची मुले-मुली आता तो घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर शिकू लागली आहेत.

या शिक्षणाकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या मुलीने बी.कॉम. झाल्यावर पुण्याला जाऊन एमबीए करायचे म्हटले, की घरात आधी हिशेब होतो आणि मग तिच्या लग्नाचा विषय निघतो. हिशेब फीचा असतो, खोलीभाड्याचा असतो, मेसचा असतो. तीच मुलगी आज दिवसा पतसंस्थेत किंवा दालमिलच्या कचेरीत काम करते आणि रात्री जेवणाची भांडी आवरल्यावर भरती, वेतनरचना, औद्योगिक संबंध हे विषय ऐकते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांच्या जोरावर हेच काम करत आले. आता पुस्तकांच्या जागी व्हिडिओ आले, इतकेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीला नियमित पदवीचा दर्जाही दिला आहे. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला आयोगाची परवानगी आहे की नाही, एवढे मात्र प्रत्येकाने स्वतः तपासावे. जाहिरातीवर विसंबून दोन वर्षे आणि आईच्या मोडलेल्या पाटल्या घालवू नयेत.

आमची तक्रार पडद्याविषयी नाही. पडद्यावर काय दिसते याविषयी आहे. जपानी मोटार कारखाना, कॅलिफोर्नियातली सॉफ्टवेअर कंपनी, फार तर बंगळुरूचे कॉल सेंटर. अकोल्याची दालमिल त्यात नाही. अमरावतीच्या नांदगाव पेठेतला कापड उद्योग नाही, जिनिंगचा कारखाना नाही, खासगी रुग्णालयातली रात्रपाळीची परिचारिका नाही. शिकणारी मुलगी ज्या कचेरीत दिवसभर बसून आलेली असते, ती कचेरी तिच्या अभ्यासात कुठेच येत नाही.

याचा तोटा काय, ते एका शब्दावरून सांगता येईल. गैरहजेरी. पुस्तकात या विषयावर स्वतंत्र प्रकरण असते. तिचे प्रमाण काढायचे सूत्र असते, कारणांची वर्गवारी असते, उपाय असतात. आता आपल्याकडे पाहा. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की मिलमधला माणूस कचेरीच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘साहेब, मले चार दिवस सुट्टी पायजे. पानी पडलं, पेरनी करा लागते.’ पुढे सोयाबीनच्या सोंगणीला तो पुन्हा येतो, कापूस वेचायच्या दिवसांत त्याची बायको येते. सूत्रात घातले तर हा माणूस बेशिस्त ठरतो. त्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे, पेरणीचे चार दिवस हुकले तर अख्खे साल हुकते आणि मिलचा पगार ते साल भरून देऊ शकत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला तो वेगळा दिसतो. वऱ्हाडातला कामगार निम्मा शेतकरी आहे. त्याचे रजेचे कॅलेंडर नक्षत्रांवर चालते. ही गोष्ट हजेरीपट आखण्याआधी ज्याने समजून घेतली, तो पेरणीचे दिवस आधीच मोकळे ठेवील, पाळ्या बदलून देईल, जुलैत जादा काम मागून घेईल. हेच तर मनुष्यबळ व्यवस्थापन. सूत्रही त्याला येणे जरूर आहे, कारण मालकाला पटवायचे तर आकडे लागतात.

माणसे कामावर घेणे, त्यांचा मोबदला ठरवणे, त्यांना टिकवून ठेवणे या गोष्टी आपल्याकडे एमबीएच्या फार आधीपासून चालत आल्या आहेत. गुढीपाडव्याला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल ठरते. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, हे दोघे समोरासमोर बसून ठरवतात. पोळ्याला बैलांबरोबर गड्यालाही नवे कपडे मिळतात, बोजारा म्हणजे खुशीचे पैसे मिळतात. यात माणसाची कदर होती असे म्हणून आम्ही गहिवरणार नाही, कारण त्याच व्यवहारात दिलेली उचल फिटली नाही म्हणून पुढच्या सालालाही त्याच वाड्यावर राबणारी माणसे होती. त्यांना साप्ताहिक सुट्टी नव्हती, आजारपणाची रजा नव्हती, आणि कुणाला कोणते काम द्यायचे ते पुष्कळदा जातीवरून ठरत होते. कर्मचारी टिकवून ठेवण्याच्या ज्या युक्त्या आजच्या कंपन्या वापरतात, त्यांतल्या काही या उचलीच्याच भावकीतल्या आहेत. दोन वर्षांचा करार, मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवणे, सोडून गेल्यास दंड. ज्या विद्यार्थ्याला सालदारी माहीत आहे तो या युक्त्या पटकन ओळखेल. आपल्या मुलांची ही शिदोरी आहे आणि ती वर्गात उघडायला कुणी सांगत नाही.

हा विषय या मातीला परका नाही, हे दाखवायला गिरण्यांचा इतिहासही पुरेसा आहे. अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल या नावांभोवती वऱ्हाडातल्या कितीतरी घरांचे संसार उभे राहिले. देशातल्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे. तो माणूस आणणार, तोच काढणार आणि कामावर घेतल्याबद्दल दस्तुरीही तोच घेणार. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी असावा असे सुचवले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आज ज्याला आपण एचआर म्हणतो, त्या पदाचे आपल्या देशातले मूळ असे गिरणीच्या दारात आहे, कामगाराला जॉबरच्या तावडीतून सोडवण्यात आहे. १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र रचना घडवली, त्यानंतर शब्द बदलले, कचेऱ्या वातानुकूलित झाल्या. मुंबईत परळला या विषयाचे शिक्षण देणारी राज्य सरकारची संस्था १९४७ पासून आहे आणि तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. हे तेच लोखंडे, ज्यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती ज्यांच्या खटपटीतून आली, ते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. एचआरच्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात कुणाची चरित्रे वाचावीत असे आम्हाला विचारले तर ही दोन सांगू.

आणि आजचे काय? वऱ्हाडातच एक जगप्रसिद्ध उदाहरण पडले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला, सुमारे २५ किलोमीटरचा होता. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या संध्याकाळपर्यंत एकदाही न थांबता चालले. त्यात ७२० माणसे राबली. वर्षानुवर्षे रखडलेल्या त्या रस्त्याने ज्यांनी हाडे खिळखिळी करून घेतली होती, त्यांना या विक्रमाचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. मनुष्यबळाच्या विद्यार्थ्याने मात्र याच्या पुढे जाऊन विचारले पाहिजे. जूनच्या आरंभीचा वऱ्हाडी उकाडा, त्यात तापलेल्या डांबराची धग. पाळी किती तासांची होती? बदली माणूस आपल्या जागेवर कसा पोचत होता? रात्री यंत्र चालवणाऱ्याची झोप कुठे झाली? पाणी, जेवण, प्रथमोपचार यांची साखळी कुणी आखली? विक्रम झाल्यावर त्या माणसांच्या हातात काय पडले आणि ती पुढच्या कामावर कुठे गेली? हे प्रश्न टीकेचे नाहीत. सलग साडेचार दिवस ७२० माणसे एका तालात ठेवणे हे फार मोठे कौशल्य आहे आणि ते शिकण्यासाठी जपानला जायचे कारण नाही. मूर्तिजापूरहून एसटीने सहज पोचता येईल अशा अंतरावर ते घडले. ते अभ्यासाचे प्रकरण म्हणून कुणीतरी लिहिले पाहिजे, आणि त्या रस्त्यावर राबलेल्या माणसांना विचारून लिहिले पाहिजे.

दुसरे टोक अगदी लहान आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधी. आधार कार्डावर ‘पुंडलिकराव’, कंपनीच्या नोंदीत ‘पुंडलिक’ आणि बँकेच्या पासबुकात तिसरेच काही. एवढ्यावरून आयुष्यभराची पुंजी अडते आणि माणूस अकोल्यातल्या निधी कार्यालयाच्या खेपा घालत राहतो. भरतीच्या दिवशी अर्ज भरून घेणाऱ्याने नावाचे तीन कागद शेजारी ठेवून पाहिले असते तर ही वेळ आली नसती. परीक्षेत यावर कुणी पाच गुणांचाही प्रश्न विचारत नाही. त्या माणसाच्या घरी मात्र लेकीचे लग्न किंवा घराचे छप्पर त्या एका अक्षरापाशी थांबलेले असते. आमच्या दृष्टीने नाव बरोबर लिहिणे हा या विषयाचा पहिला धडा आहे.

नवे पदवीधर ज्या काळात कामाला लागणार आहेत, त्या काळात ही जबाबदारी वाढलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. नेमणूकपत्र प्रत्येक कामगाराला द्यायचे आहे. कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली आहे. नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिथे उद्या कारखाने उभे राहतील तेव्हा मेळघाटातून, चांदूर बाजारातून, तिवश्यातून माणसे कामाला येतील. त्यांच्यातल्या एखाद्या कोरकू मुलीला पहिल्या दिवशी समोर बसवून तिच्या कामाच्या अटी तिला कळतील अशा बोलीत सांगणारा अधिकारी पुण्या-मुंबईहून आणायचा, की इथल्या ऑनलाइन वर्गातून घडवायचा, हे आज ठरायचे आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तक्रार कुठे करायची, हेही तिला त्याच दिवशी कळले पाहिजे. दहा माणसे कामाला असली की अंतर्गत समिती हवी, असा कायदा २०१३ पासून आहे. किती कचेऱ्यांच्या भिंतीवर त्या समितीची नावे लावलेली दिसतात, ते वाचकांनी आपल्याच कचेरीत पाहावे.

गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडून काढताना कुठल्या आळीत काय साचले आहे ते त्यांना दिसे. रात्री कीर्तनाला उभे राहिले की ते सांगण्यापेक्षा विचारत अधिक, आणि उत्तर समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून येई. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात या विषयाचे शिक्षण कसे असावे, याचा नमुना शोधायला दूर जावे लागू नये. व्याख्यान पडद्यावर खुशाल असावे. पण सत्रातले निदान पंधरा दिवस विद्यार्थ्याने आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, बाजार समितीत, रुग्णालयात उभे राहून काढावेत आणि तिथल्या माणसांना विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून आणावीत. आजचे बरेचसे प्रकल्प अहवाल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणी, बाजार आणि कारखाना चालवणाऱ्यांनीही दार उघडले पाहिजे. शिकायला आलेल्या मुलीला मस्टर पाहू दिले तर धंद्याचे गुपित फुटत नाही. विद्यापीठाने, मुक्त विद्यापीठाच्या इथल्या अभ्यासकेंद्रांनी आणि जिल्ह्यातल्या उद्योजक संघटनांनी एकत्र बसून एवढे केले, तर या वर्धापनदिनाला काही अर्थ राहील.

महिना-सव्वा महिन्यात मृग लागेल. दालमिलच्या कचेरीत, पंख्याखाली, ती मुलगी जूनचा हजेरीपट आखायला घेईल. तिच्या परीक्षेचे दिवसही जवळ आलेले असतील. दारात कुणीतरी चप्पल काढून उभा राहील आणि पावसाचे सांगू लागेल. तिने त्याला आत बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी, आणि शेत किती, कुठे, पेरणीला घरचे कोण कोण आहेत, हे विचारून घ्यावे.