वेदीवरचे बंद पुस्तक

आपल्या घरातील वेदीवर बायबल असते. लग्नात भेट आलेले, सोनेरी कडांचे, आणि बहुधा पाने एकमेकांना चिकटलेली. वाचनाचा विषय काढला, की ठरलेले उत्तर येते : ‘रविवारी मिस्सेत ऐकतो ना!’

काय ऐकतो? रविवारची वाचने 3 वर्षांच्या चक्रात बसवलेली आहेत. मत्तय, मार्क, लूक यांना एकेक वर्ष. जुना करार मात्र वेच्यावेच्यांनी. रूथचे पुस्तक तर रविवारी कधीच वाचले जात नाही. अवघे 4 अध्याय! परमुलखातली विधवा सून सासूची साथ सोडत नाही, दुसऱ्याच्या शेतातील सांडलेली कणसे वेचून तिला जगवते आणि पुढे दावीद राजाची पणजी ठरते. ज्या घरात सासू-सुनेचे बोलणे बंद आहे, तिथे ही कथा कोण सांगणार?

‘बायबल वाचणे हा प्रॉटेस्टंटांचा रिवाज’, असेही काहीजण म्हणतात. मग बायबल लॅटिनमध्ये आणणारा संत जेरोम कोण होता? 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राच्या नित्य वाचनाचा आग्रह केला. भाषेची सबब सांगावी, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 मध्येच आले.

उरला वेळ. मार्कचे शुभवर्तमान 16 अध्यायांचे; जपमाळेनंतर रोज एक वाचला, तर सोळा रात्री पुरतात. पण खरी अडचण वेळेची नसावी. बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणाऱ्यापुढे डोंगरावरील प्रवचन रोज उघडे राहिले, तर त्याला झोप कशी लागावी?