हेलसिंकीची बखर आणि अस्सल कागद

१/
लिनक्सच्या जन्माची कथा साधारणपणे अशी सांगितली जाते. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या खोलीत बसून एकट्याने एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, ती जगाला फुकट वाटली आणि बलाढ्य कंपन्यांना पाणी पाजले. कथेला नायक आहे, खलनायक आहे, चमत्कारही आहे. बखरीला आणखी काय हवे असते?

२/
बखरीला साहित्य म्हणून मोल आहे. पुरावा म्हणून मात्र ती अस्सल कागदांशी ताडूनच घ्यावी लागते, हा मराठी इतिहाससंशोधनाचा जुना दंडक. तोच दंडक येथे लावला, तर वरच्या कथेतील तीन शब्द टिकत नाहीत. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’, ‘एकट्याने’ आणि ‘फुकट’. हा थ्रेड त्या तीन शब्दांची झडती घेतो आणि शेवटी विचारतो की ही बखर खरी मानल्याने नुकसान कोणाचे होते.

३/
पहिला शब्द ‘ऑपरेटिंग सिस्टिम’. टोर्व्हाल्ड्स यांनी लिहिला तो कर्नल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा कारभार पाहणारा गाभा. सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. नुसत्या कर्नलवर काहीही करता येत नाही. आज्ञा स्वीकारणारा शेल लागतो, प्रोग्राम तयार करणारा कंपायलर लागतो, फायली हाताळणारी साधने लागतात. ही सामग्री हेलसिंकीत तयार झालेली नव्हती.

४/
ती आली मुख्यतः ग्नू प्रकल्पातून. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध झाला, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल आला. हेलसिंकीतील विद्यार्थ्याने पहिली ओळ लिहिली तेव्हा घराच्या भिंती, दारे आणि भांडीकुंडी आधीच तयार होती. ग्नूकडे नव्हता तो चालू स्थितीतील कर्नल.

५/
दुसरा आधार होता मिनिक्स. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये अध्यापनासाठी ही छोटी सिस्टिम आणि तिच्याबरोबर पाठ्यपुस्तक दिले. विद्यार्थ्यांना समजावी म्हणून ती लहानच ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. वापरणाऱ्यांना मात्र अधिक हवे होते. ऑस्ट्रेलियातील ब्रूस एव्हान्स यांनी मिनिक्स ३८६ प्रोसेसरवर चालावे म्हणून पॅच लिहिले होते. सारांश, जाणकार आणि उतावीळ लोकांचा एक समुदाय लिनक्सच्या आधीच अस्तित्वात होता. लिनक्सला पहिले वापरकर्ते त्यातूनच मिळाले.

६/
आता ‘एकट्याने’ हा शब्द. २५ ऑगस्ट १९९१ चे टोर्व्हाल्ड्स यांचे निवेदन उपलब्ध आहे. त्यात विजयाची गर्जना नाही. मिनिक्समध्ये लोकांना काय आवडते आणि काय नावडते, अशी विचारणा आहे, आणि आपले काम ग्नूसारखे मोठे होणार नाही, अशी कबुलीही आहे. नावाचेही तसेच. टोर्व्हाल्ड्स यांनी ‘फ्रीक्स’ हे नाव योजले होते. फाइल सर्व्हरवर जागा करून देणाऱ्या आरी लेमके यांनी त्या फोल्डरला ‘लिनक्स’ म्हटले आणि तेच रूढ झाले. बारशाचा मानसुद्धा नायकाकडे जात नाही.

७/
पुढची अडीच वर्षे पाहा. अमेरिकेत एमआयटीमधून थिओडोर त्सो यांनी लिनक्सच्या फायली तिकडच्या वापरकर्त्यांना जवळून मिळण्याची सोय केली. ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी एक्स विंडो ही चित्रमय प्रणाली लिनक्सवर आणली. फ्रान्सच्या रेमी कार्ड यांच्या कामातून १९९३ मध्ये एक्स्ट२ ही फाइल सिस्टिम आली. वेल्समधील स्वान्झी येथे अ‍ॅलन कॉक्स नेटवर्कचा कोड दुरुस्त करत होते. मार्च १९९४ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा ओळींची संख्या १,७६,२५० झाली होती. दहा हजारांपासून येथवरची वाट अनेक पायांनी चालली आहे.

८/
याला पुरावा काय? कर्नलच्या कोडबरोबरच ‘क्रेडिट्स’ नावाची एक साधी फाइल ठेवलेली असते. तिच्यात माणसाचे नाव आणि त्याने काय केले, एवढेच. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे, म्हणून गड बांधणाऱ्याचे एक नाव तरी उरले. त्याच्या हाताखालच्या पाथरवटांची नावे आज कोणाला सांगता येतील? लिनक्सच्या बाबतीत पाथरवटांचीही नावे टिकली आहेत. ती वाचायची सोडून बखर वाचणे हा आळस आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो शोभत नाही.

९/
तिसरा शब्द ‘फुकट’. लिनक्सचा अगदी पहिला परवाना पैसे घेऊन वितरण करण्याला मनाई करणारा होता. १९९२ च्या आरंभी टोर्व्हाल्ड्स यांनी तो बदलून ग्नूचा जीपीएल परवाना स्वीकारला. या परवान्यात विक्रीला बंदी नाही. अट वेगळीच आहे. बदल करून ते इतरांना द्याल, तर बदललेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा लागेल. देणगीवर चालणारे अन्नछत्र आणि ज्याने घेतले त्याने परतही केले पाहिजे असा करार, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. लिनक्स वाढले ते या कराराच्या बळावर.

१०/
येथे एक आक्षेप हमखास येतो. समुदाय तर ग्नूपाशीही होता, मग त्याच्या हर्ड या कर्नलचे काम १९९० पासून रखडत का गेले? नेतृत्वाविना समुदाय म्हणजे नुसती गर्दी नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. टोर्व्हाल्ड्स यांची निवड करण्याची दृष्टी, आलेले पॅच तपासण्याची चिकाटी आणि नको ते ठामपणे नाकारण्याची तयारी यांना मोठे मोल आहे. परंतु हे गुण आलेले काम नीट जुळवून घेणाऱ्याचे आहेत. सारे काही शून्यातून घडवणाऱ्याचे नाहीत. आधी काम आले, म्हणून जुळवणी शक्य झाली.

११/
शिवाय नायक बदलला तरी प्रकल्प टिकतो का, याची परीक्षा झालेली आहे. तिचे नाव डेबियन. १६ ऑगस्ट १९९३ रोजी पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयन मरडॉक यांनी या लिनक्स वितरणाची घोषणा केली. तत्कालीन वितरणांतील ढिसाळपणाला ते कंटाळले होते. १९९६ मध्ये ते नेतृत्वावरून दूर झाले. बखरीच्या न्यायाने प्रकल्प तेथेच संपायला हवा होता.

१२/
घडले उलटे. १९९७ मध्ये डेबियनने आपला ‘सामाजिक करार’ स्वीकारला आणि वापरकर्त्यांना दिलेली वचने लेखी मांडली. १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना आली. तिच्यानुसार प्रकल्पप्रमुख दरवर्षी निवडला जातो आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती आली आणि तिच्यात रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर रचनेला अधिकृत स्थान मिळाले. संस्थापकाविना तीन दशके चाललेला हा कारभार कोणत्या नायकाच्या खात्यावर मांडायचा?

१३/
गिटचेही उदाहरण घ्यावे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी ही प्रणाली टोर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली, हे सर्वांना पाठ असते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ती जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवली आणि तेव्हापासून हमानोच ती सांभाळत आहेत, हे किती जणांना ठाऊक असते? काही महिन्यांचे जनकत्व घराघरांत पोचते आणि वीस वर्षांचे संगोपन अनामिक राहते. बखरीची खोड नेमकी येथे दिसते. तिला आरंभ दिसतो, सातत्य दिसत नाही.

१४/
या प्रकल्पाने स्वतःची साधने जपली, त्यामागेही इतिहास आहे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप केला. प्रत्येक ओळ कोठून आली, हे सांगण्याची पाळी आली. २००४ पासून कर्नलमध्ये येणाऱ्या प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी नोंद आणि नाव देण्याची पद्धत सुरू झाली. कोणी लिहिले, कोणाच्या हातून पुढे गेले, सारे नमूद. इतके सलग आणि दिनांकवार दफ्तर इतिहासकाराच्या नशिबी क्वचितच येते.

१५/
हेच दफ्तर दुसरी एक भाबडी कथाही मोडून काढते. लिनक्स म्हणजे निःस्वार्थ स्वयंसेवकांचे श्रमदान, ही ती कथा. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००५ पासून सुमारे १५,६०० प्रोग्रामरांनी आणि १,४०० हून अधिक कंपन्यांनी कर्नलला हातभार लावला होता. त्या काळात बिनपगारी लोकांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला होता. समुदाय म्हणजे संतांची मांदियाळी नव्हे. त्यात पगारदार आहेत, कंपन्यांचे हितसंबंध आहेत, भांडणे आहेत. समुदायाचा इतिहास लिहायचा, तर हेही लिहावे लागेल.

१६/
आणि जे काम ‘कोड’ म्हणून मोजलेही जात नाही, त्याचे काय? ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक केवळ रफार आणि अर्ध्या ‘ऱ्‌’चा. पडद्यावर हा भेद नीट उमटावा, यासाठी युनिकोडमध्ये सोय लागते, अक्षरे जुळवणारे हार्फबझसारखे इंजिन लागते आणि तो आकार असलेला फॉन्ट लागतो. रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून जोपासल्या गेलेल्या लोहित फॉन्टमालेत मराठीसाठी स्वतंत्र फॉन्ट होता. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो, कारण कोणीतरी एकेक वाक्य बसून अनुवादले. हेलसिंकीच्या बखरीत यांतल्या कोणालाही जागा नाही.

१७/
आता शेवटचा प्रश्न, नुकसान कोणाचे? २९ मार्च २०२४ रोजी त्याचे उत्तर मिळाले. एक्सझेड हे फायली आकुंचित करणारे छोटे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असते. त्याची देखभाल वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात करत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून तेथे मदतनीस म्हणून वावरू लागले. कामाला उशीर होतो, दुसऱ्याच्या हाती द्या, असा तगादा अनोळखी नावांनी सुरू झाला. हळूहळू विश्वास बसला, अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला.

१८/
अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीवर एसएसएचने लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्यांनी माग काढला आणि कट उघडकीला आला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचण्यापूर्वीच थांबला. मग काय झाले? ‘एका माणसाने इंटरनेट वाचवले’ अशी नवी बखर रातोरात तयार झाली. फ्रॉइंड यांची दक्षता वादातीत आहे. पण त्या बखरीच्या झगमगाटात खरा प्रश्न बुडाला. इतक्या जणांचा भार वाहणारा तो देखभालकर्ता एकटा का पडला होता?

१९/
एकट्याच्या पराक्रमाची कथा ऐकून वाढलेल्या जगाला एकट्याचा थकवा दिसत नाही. जेथे सारे काही एका प्रतिभावंताने केले असे शिकवले जाते, तेथे उरलेल्यांना वेळ, पैसा आणि मदतीचा हात द्यावा असे कोणाला वाटणार? हल्लेखोराने कोडमधील फट नंतर शोधली. आधी त्याला समुदायातील फट सापडली होती. म्हणून या इतिहासाची चूक केवळ श्रेयनामावलीची नाही.

२०/
तेव्हा पुढच्या वेळी ‘एका विद्यार्थ्याने लिनक्स बनवले’ हे वाक्य समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. त्याच्या आधी कोण होते? त्याच्याबरोबर कोण होते? आणि आज हे कोण सांभाळत आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे दफ्तरात आहेत. ती कोणालाही, कोणाच्याही परवानगीविना वाचता येतात. तिसऱ्याचे उत्तर एक्सझेडच्या बाबतीत जगाने फार उशिरा शोधले.

(समाप्त)